वर्ष वाया जाऊ नये म्हणून

आमच्या माहेरी दोन-तीनच गोष्टींची भीती होती, आणि त्यांत वर्ष वाया जाण्याचा नंबर पहिला. मी लहान असताना पुण्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलाला ऐन दहावीच्या परीक्षेत कावीळ झाली. मुलगा बरा झाला, पुढे उत्तम शिकला, नोकरीला लागला, पण सोसायटीत त्याची ओळख 'ज्याचं वर्ष गेलं तो' अशीच राहिली. त्याच्या लग्नाच्या बोलण्यातही म्हणे ते वर्ष निघालं होतं. आता हे आठवलं की हसू येतं. तेव्हा मी हसले नव्हते, निमूट अभ्यासाला बसले होते.

त्यामुळे माझी लेक चार वर्षांची असतानाच घडाघडा वाचायला लागली, तेव्हा मी शाळेत जाऊन हुज्जत घातली आणि तिला वेळेआधी पहिलीत बसवलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, एवढी काय घाई आहे?" घाई कसली, म्हटलं, मुलगी तयार आहे. नवरा नेहमीसारखा "तू बघ" म्हणाला, आणि मी बघितलं. एक वर्ष हाताशी असलेलं बरं, असं माझं तेव्हाचं म्हणणं होतं. कशासाठी हाताशी, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ती सातवी पास झाली त्या उन्हाळ्यात माझ्या कंपनीने मला स्कॉटलंडला, ग्लासगोला पाठवलं, आणि आम्ही तिघंही इकडे आलो. माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये, जिथे कुणाचंच लक्ष जाणार नाही अशी एखादी कोपऱ्यातली शक्यता शोधायची, आणि मग मीटिंगमध्ये गोड आवाजात म्हणायचं, हे बघितलं होतं का तुम्ही? ऑफिसमध्ये या बाबतीत मला जरा घाबरूनच असतात. म्हणून पुढचं सांगताना मला जास्त लाज वाटते.

इथे शाळेत मुलांना वयाप्रमाणे बसवतात. किती शिकून आलात याला फारसं महत्त्व नाही. लेकीला जानेवारीत अकरा पूर्ण झालेली; त्या हिशेबाने तिला हायस्कूलच्या पहिल्या वर्षात घातलं. तिथला अभ्यास मी चाळून बघितला. सगळा तिचा झालेला होता. म्हणजे पास झालेली सातवी परत! शाळा सुरू होऊन दोन आठवडे ती त्या वर्गात मुकाट्याने जात होती, आणि इकडे मी ईमेलवर ईमेल पाठवत होते. तिची पुण्याची प्रगतिपुस्तकं, गणिताच्या वह्या, स्कॉलरशिपच्या परीक्षेचं सर्टिफिकेट, सगळं पाठवलं. शेवटी कंटाळून असेल, शाळेने आम्हाला भेटायला बोलावलं.

मुलांच्या अडीअडचणी बघणाऱ्या एक गायडन्स टीचर इथे प्रत्येक शाळेत असतात. आमच्या त्या बाई उंच, शांत, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणाऱ्या. माझी वाक्यं लवकर पूर्ण होत नाहीत, तरी त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "अभ्यास तिला जमेल, यात मला शंका नाही. पण वरच्या वर्गात घातलं तर ती जिथे जाईल तिथे सगळ्यांत लहान असेल. मी पुस्तकांचा विचार करत नाहीये." मी म्हटलं, "तिला सवय आहे." मग त्या खुर्ची वळवून लेकीला म्हणाल्या, "आणि तुला काय वाटतं?"

लेकीने माझ्याकडे बघितलं. मी हसून मराठीत म्हटलं, "सांग ना, हो म्हण."

ती "यस" म्हणाली. दुसऱ्या सोमवारपासून ती सेकंड इयरला बसायला लागली. घरी येताना मी तिला चिप्स घेऊन दिल्या, नवऱ्याला फोन केला आणि पुण्याला आईलाही फोन केला. आई म्हणाली, "बरं झालं बाई, वर्ष वाचलं."

नंतरची वर्षं मी मिरवण्यात घालवली. मी तशी फुशारक्या मारणारी नाही असं मला वाटतं, पण कुणी "कितवीला आहे?" असं विचारलं की उत्तराला मी न विसरता "वयाच्या मानाने एक वर्ष पुढे आहे" हे शेपूट लावायचे. लेक शेजारी असली तर हळूच दुसऱ्या खोलीत जायची. लाजाळू आहे, असा मी अर्थ काढला. वर्गातल्या मुली सिनेमाला जायच्या तो हिला वयामुळे बघता यायचा नाही. त्या सुट्टीत कामाला लागल्या, हिला कुणी घेईना. एकीच्या वाढदिवसाची पार्टी होती, तिथून ही तासाभरात परत आली आणि कंटाळा आला म्हणाली. "बरंच झालं, अभ्यास कर," असं मी म्हटलं. खरंच म्हटलं मी तसं.

दगडांचं वेड तिला कधी लागलं ते मात्र मला नक्की ठाऊक आहे, कारण मी तिथे होते. ग्लासगोच्या उत्तरेला कॅम्प्सीचे डोंगर आहेत, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. एका रविवारी आम्ही तिघं तिथे चढायला गेलो. अर्ध्या वाटेत ही थांबली आणि वर बघत म्हणाली, "आई, हे सिंहगडासारखं आहे." मी म्हटलं, कुठे सिंहगड आणि कुठे ही हिरवळ. "अगं नाही, बघ ना, पायऱ्या पायऱ्या आहेत. तसेच थर आहेत." खरंच होते. काळ्या कातळाचे एकावर एक थर, मध्ये गवताची पट्टी, पुन्हा कातळ. तिने एक दगड उचलला, त्यात पांढरे ठिपके होते, आणि तो हातात धरूनच ती खाली उतरली. नंतर तिने मला समजावून सांगितलं की दोन्हीकडचे डोंगर लाव्हारसाचेच. इकडचे फार आधीचे, आपले त्यामानाने कालपरवाचे. इतकी सलग ती माझ्याशी कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती. मी भाजी चिरत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, याला पुढे स्कोप काय आहे ते बघायला हवं.

तिच्या शाळेत भूशास्त्र हा विषयच नाही. पण शहरातल्या एका युनिव्हर्सिटीने शाळेच्या शेवटच्या, म्हणजे सहाव्या वर्षातल्या मुलांसाठी एक कोर्स ठेवला होता. दर बुधवारी दुपारी शाळेतून सुटायचं, युनिव्हर्सिटीत जाऊन खऱ्या विद्यार्थ्यांबरोबर लॅबमध्ये बसायचं, शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर डोंगरांवर जायचं. पास झालं की त्याचे क्रेडिट पुढे डिग्रीत धरले जाणार. भूगोलाच्या सरांनी लेकीला हे सांगितलं त्या दिवशी ती घरी आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात. मी ओरडले नाही, कारण तिचा चेहरा बघून ओरडायला सुचलंच नाही.

पात्रतेच्या अटी मी तिच्याबरोबर बसून वाचल्या. विद्यार्थी शाळेच्या सहाव्या वर्षात हवा. ती ऑगस्टमध्ये जाणारच होती. पाचव्या वर्षाच्या शेवटी हायर्स नावाच्या मोठ्या परीक्षा असतात, त्यांत चांगले मार्क हवेत. ते ती आणणार याची मला खात्री होती. आणि शाळेची शिफारस. सर तर तयारच होते. मग मी वाचणं थांबवलं. पुढे विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल बरंच काही होतं, त्यात काय बघायचं? दुसऱ्याच्या कामात मी शेवटच्या ओळीपर्यंत जाते.

निकाल लागला. हवे तसे मार्क पडले. नवऱ्याने श्रीखंड आणलं. आणि शाळा सुरू झाली त्याच आठवड्यात गायडन्स टीचरचा फोन आला, मला ऑफिसमध्ये. त्यांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता. युनिव्हर्सिटीने नाव परत पाठवलं होतं. कोर्स सुरू होईल त्या दिवशी विद्यार्थ्याला सोळा पूर्ण हवीत. लेकीचं सोळावं वर्ष जानेवारीत पूर्ण होणार होतं, आणि कोर्स सप्टेंबरचा. जानेवारीत मधूनच घेण्याची सोय नाही. "सहाव्या वर्षातली मुलं सोळाच्या वरचीच असतात, त्यामुळे ही अट कधी आड येत नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याही आधी लक्षात यायला हवं होतं. आय अ‍ॅम सॉरी."

त्या सॉरी म्हणाल्या. आधी त्या काय म्हणाल्या होत्या ते त्यांनी काढलं नाही. मला वाटतं त्यांनी काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

भांडायला मग मी दुसरीकडे गेले. युनिव्हर्सिटीला फोन केला. तिथल्या मुलीने मला अतिशय नम्रपणे तीच अट परत वाचून दाखवली. मी म्हटलं, मुलगी वयाच्या मानाने पुढे आहे. ती म्हणाली, हो, तीच अडचण आहे.

तरीही मला सुचलं ते पुणेरीच. कुणीतरी ओळखीचं असेलच. मराठी मंडळात एक काका आहेत, त्याच युनिव्हर्सिटीतून रिटायर झालेले. गणपती जवळच होते. मंडळाचा गणपती आम्ही एका चर्चच्या हॉलमध्ये बसवतो. आरती झाली, जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली, आणि मी काकांना भिंतीशी गाठलं. "काका, तुमच्या शब्दाला तिथे मान असेल. तेवढा एक शब्द टाका ना. चार-पाच महिन्यांचाच तर प्रश्न आहे."

काका भले गृहस्थ आहेत. त्यांनी हातातला मोदक खाली ठेवला. "अहो, शब्द टाकायला मला काय," ते म्हणाले, "पण हा मार्कांचा नियम असता तर एखाद्याने वाकवला असता. हा लहान मुलांच्या काळजीचा आहे. तो कुणी वाकवू नये. तुम्हीही वाकवायला सांगू नये." आणि मग, वाईट वाटून असेल, सौम्यपणे म्हणाले, "एवढ्या लहान वयात सहाव्या वर्षात कशी काय हो ती?"

मी मान वळवली तर लेक मागेच उभी होती, हातात द्रोणांची चळत घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. तिने द्रोण टेबलावर ठेवले आणि कोट घालायला गेली.

परत येताना गाडी नवरा चालवत होता. मग मागून ती म्हणाली, "आई, प्लीज स्टॉप. अजून कुणाकुणाला विचारणार आहेस?"

"तुझ्यासाठीच करतेय ना सगळं?"

"आय नो. दॅट्स द वर्स्ट पार्ट."

मी वळून काहीतरी बोलणार होते, पण नवऱ्याने माझ्या हातावर हात ठेवला. थोड्या वेळाने ती पुन्हा बोलली, आता मराठीत, अगदी सावकाश, म्हणजे घोकून ठेवलेलं असावं तसं. "गायडन्सच्या मिस म्हणाल्या की मी बॅक जाऊ शकते. फिफ्थ इयरला. माझं वय तेच आहे. अजून दोन हायर्स करेन, आणि नेक्स्ट इयर सिक्स्थला येईन तेव्हा कोर्स करता येईल. हेडटीचर हो म्हणाले आहेत. फक्त पेरेंट्सचं ओके लागेल, आणि टाइमटेबल लॉक व्हायच्या आधी."

"त्या वर्गात तुझ्या ओळखीचं तरी कोण आहे?" मी म्हटलं.

तिने तिच्या मैत्रिणीचं नाव घेतलं. मला ते नाव चांगलं माहीत होतं. ती मुलगी आमच्या घरी कितीदा तरी येऊन गेली होती, मी तिला पोहे खायला घातले होते, तिला मिरची सोसत नाही हेही मला ठाऊक होतं. मी तिला लेकीच्या वर्गातलीच समजत होते. "ती फर्स्ट इयरला माझ्या शेजारी बसायची," लेक म्हणाली. "ते पहिले टू वीक्स. मी रोज तिच्याबरोबरच जेवते. दॅट्स माय इयर, आई."

म्हणजे इतकी वर्षं ही मुलगी रोज मधल्या सुट्टीत जिने उतरून, मी तिला जिथून उचललं होतं तिथे जाऊन जेवत होती. आणि मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू कुणाबरोबर जेवतेस. मार्क विचारले होते.

यावर आई म्हणून माझ्या तोंडून काय निघायला हवं होतं, ते मला आज सुचतं. त्या वेळी निघालं ते असं: "म्हणजे वर्ष वाया."

आरशात मला तिचा चेहरा दिसला. ती रागावली नव्हती. तिला ते अपेक्षितच होतं. तिने खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

नंतरचे काही दिवस मी घरात फार कामं केली. फ्रीज पुसला, पडदे धुतले. नवऱ्याने एकदाच विषय काढला. भांडी विसळता विसळता म्हणाला, "तिचं वर्ष आहे ते, आपलं नाही." मी फाडकन म्हटलं, "तुला बरं आहे, तू कधी काही ठरवलंच नाहीस." तो म्हणाला, "हो, ती माझी चूक." आणि विसळत राहिला. मला त्याचाही राग आला, कारण त्याने किती सहज कबूल केलं. माझ्या मनात मात्र अजूनही हिशेब चालू होता: आईला काय सांगायचं, मंडळात काय सांगायचं, एक वर्ष मागे गेली म्हणजे लोक नापास झाली असं धरतील. लेकीला काय हवंय ते मला कळलं होतं. तरी मी लोकांना काय सांगायचं तेच जुळवत होते. याची मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या जुन्या ईमेलांचीही वाटत नाही. तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळत होतं.

शेवटी मीच शाळेत फोन करून वेळ मागितली. तीच खोली, त्याच बाई, फक्त त्यांचे केस आता पांढरे झालेले. खिडकीतून कॅम्प्सीची कड दिसत होती. मागच्या वेळी मी ती बघितलीही नव्हती. जाताना मी ठरवलं होतं की आपण बोलायचं नाही. मी असं बरेचदा ठरवते.

बाईंनी सगळं पुन्हा समजावून सांगितलं. खाली गेली तर काय, इथेच राहिली तर काय. इथे राहिली तर याच वर्षी शाळा संपेल, वेळेवर युनिव्हर्सिटीला जाईल, दुसरा काही विषय घेईल, तेही चांगलंच आहे. त्यांनी एकाही बाजूला वजन टाकलं नाही. मग त्यांनी खुर्ची लेकीकडे वळवली. मला आवाजावरूनच आठवलं, ती खुर्ची तेव्हाही अशीच कुरकुरली होती.

"तुला काय हवंय?"

घरी ती ठाम होती. गाडीत ठाम होती. रडेल, किंवा मला ऐकवेल, अशी माझी तयारी होती, आणि तिने ऐकवलंच असतं तर मी निमूट ऐकून घेतलं असतं. तिने यातलं काही केलं नाही. आता माझ्याहून उंच झालेल्या माझ्या मुलीने मान वळवली आणि उत्तरासाठी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं.

अकराव्या वर्षी मीच तिला ते शिकवलं होतं, आणि मी शिकवलेलं ती कधी विसरत नाही.

माझ्या चेहऱ्यावर काय आहे त्याची मला खात्री नव्हती, म्हणून मी मान खाली घातली. मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, लावली. बाई थांबल्या होत्या, त्यांना थांबता येतं. मला येत नाही. "हो म्हण" हे शब्द अगदी जिभेवर आले होते, या वेळी तर तिच्याच बाजूने, पण ते शब्द तेच होते. मी दात घट्ट दाबून बसले.

"आय वॉन्ट टू गो बॅक," ती म्हणाली. "टू माय ओन इयर."

मी वर बघितलं. बाई मान डोलावत होत्या. लेक मात्र त्यांच्याकडे बघत नव्हती. ती अजून माझ्याकडेच बघत होती, आणि तिने हळूच, मराठीत, मला विचारलं, "चालेल ना, आई?"